लिफ्ट पंपासाठी टाकीला भोक पाडायची गरज नाही

नागपूरजवळच्या वाडीपासून कापशीपर्यंत ट्रकमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की इलेक्ट्रिक लिफ्ट पंप (टाकीतून इंजिनकडे डिझेल पोचवणारा पंप) लावायचा तर टाकीच्या बुडाला भोक पाडून संप (डिझेल जमा होणारी छोटी वाटी) बसवलाच पाहिजे, कारण कंपनीच्या सक्शन नळीतून पंपाला डिझेल पुरत नाही. संप लावला की पाव टाकीवर हवा धरण्याचा त्रास कायमचा जातो. आणि डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, त्यामुळे कोणताही वेल्डर हे काम करून देतो.

मेसेजमधलं हे शेवटचं वाक्य जीवघेणं आहे, म्हणून आधी तेच घेतो. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. मे अखेरच्या नवतपात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. रिकामी टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने धुतली तरी सांध्यांत अडकलेलं डिझेल निघत नाही, वेल्डिंगच्या धगीने त्याचीच पुन्हा वाफ होते. बोल्टने आवळायचे संपही मिळतात, पण भोक पाडताना ठिणग्या उडतात आणि लोखंडाचा कीस टाकीत पडतो. कृपा करून रस्त्याकडेच्या दुकानात टाकीला वेल्डिंगची टॉर्च लावू देऊ नका.

आता डिझेल पुरत नाही, या दाव्याकडे. बहुतेक वेळा नळी लहान नसते, ती हवा घेत असते. सक्शनच्या बाजूला चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून मिस्त्रीही फसतो. माझ्या गाडीत पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडून इंजिन चालू केलं, तेव्हा राईएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचं तांब्याचं वायसर चेपलं होतं. ते बदललं आणि बुडबुडे थांबले. टाकीच्या आतली जाळी आणि झाकणाचं हवेचं छिद्रही बघून घ्या. छिद्र बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि कितीही भारी पंप तिथे हतबल होतो.

नळी खरोखर लहान निघाली, तरी वरून जाड ड्रॉ स्ट्रॉ (डिझेल ओढायची नळी) टाकता येतो. त्याचं टोक तिरकं कापून बुडापासून बोटाच्या जाडीएवढं वर ठेवायचं. इंजिनाकडून परत येणारं रिटर्नचं डिझेल गरम आणि फेसाळ असतं, म्हणून ते स्ट्रॉपासून लांब पडू द्यायचं. पंप मात्र टाकीजवळ आणि खाली लावा. पंपाचं बळ ढकलण्यात असतं. ओढताना त्याच्या मदतीला फार तर हवेचा एक बार दाब असतो, आणि उन्हाने तापलेलं डिझेल लांबून ओढलं की त्यातली विरघळलेली हवा सुटते.

पाव टाकीच्या दाव्यात तथ्य आहे, हे मान्य करतो. संप खरंच शेवटच्या लिटरपर्यंत ओढतो. पण पाणी डिझेलपेक्षा जड असतं आणि बुडाला बसतं, त्यामुळे संपात पहिलं तेच उतरतं. कॉमन रेलच्या (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या) इंजेक्टरला ते अजिबात सोसत नाही.

अमेरिकेत जीएमच्या ड्युरामॅक्स पिकअप २००१ ते २०१६ कंपनीच्या लिफ्ट पंपाशिवायच यायच्या, त्यामुळे तिकडे बाहेरून पंप आणि संप लावायची पद्धत रुळली. त्या टाक्यांची रचना वेगळी आहे. आपल्या ट्रकच्या चेसिसला टांगलेल्या टाकीला तो नियम लावू नका.

नवी टाकीच बनवून घेणार असाल, तर बनतानाच बुडाला ड्रेन प्लग मागून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तो सैल करून पाणी काढा.