बॉल आऊटच जात नाही, तर टेनिस कसलं?

मालवणात टेनिस बॉल म्हणजे क्रिकेटचा. तरी परवा बंदराकडच्या कट्ट्यावर अख्खी संध्याकाळ टेनिसवर भांडण झालं, तेही व्हिडिओ गेममधल्या.

काडी टाकली पक्याने. "व्हर्च्युआ टेनिससारखो गेम परत झालो नाय," असं तो बोलला आणि बाबू उसळला. "मेल्या, त्या गेमात बॉल आऊट जाणाच नाय! तो टेनिस कसलो?"

मुद्दा खोटा नाही. त्या गेममध्ये कसाही फटका मारा, बॉल बहुतेक वेळा रेषेच्या आतच पडतो. सेगाने १९९९ साली तो आर्केडसाठी काढला होता. नाणं टाकून उभ्या राहिलेल्या माणसाचे पहिले चार फटके नेटात गेले तर तो दुसरं नाणं कशाला टाकेल? म्हणून चूक जवळपास काढूनच टाकली. पॉइंट घ्यायचा तर समोरच्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवायचं.

"मग पळवूक अक्कल लागता ना?" पक्या म्हणाला. यातही तथ्य आहे. बॉल येण्याआधी जागेवर पोचून बटण दाबलं की खेळाडू पाय रोवतो आणि फटका सणसणीत बसतो. उशीर झाला की नुसतं सूर मारून बॉल कसाबसा परत.

बाबूचं दैवत टॉप स्पिन ४, २०११ सालचा. त्याने पक्याचा मोबाइल हिसकावून कंट्रोलरसारखा आडवा धरला आणि अंगठा काचेवर टेकवला. "ह्या बघ. नुसतो टिचकलंस तर ताबो. दाबून धरलंस तर जोर. पण सोडूचो कधी? बॉल टप्पो घेऊन वर येता तेवा." अंगठा उचलला. "जरा आधी सोडलंस, गेलो. जरा उशीर केलंस, गेलो." पक्याचं लक्ष फक्त मोबाइलच्या काचेकडे.

इतका वेळ मास्तर गप्प होते. शाळेतून रिटायर झाले तरी त्यांच्याकडे साल तयार असतं. "१९५८," ते म्हणाले. "अमेरिकेत ब्रूकहेवन प्रयोगशाळा. विल्यम हिगिनबोथम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने विजेच्या लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोप यंत्राच्या पडद्यावर 'टेनिस फॉर टू' केलं. बाजूने दिसणारं कोर्ट, मधे नेट, हातात एक नॉब आणि एक बटण. बॉल नेटला लागला की मागे यायचा. म्हणजे चुकायची सोय तेव्हाही होती, पक्या. तुझ्याच गेमात नाही."

कट्टा हसला. पक्या हार मानणारा नव्हे. "पण मास्तरानु, त्यात माणसा खय होती? नुसतो बॉल! पळणार कोण?"

मला विचाराल तर पक्या नकळत खरं बोलून गेला. टेनिस अर्धंअधिक पायात असतं. निंटेंडोच्या वी स्पोर्ट्समध्ये, २००६ साली, रिमोट धरून रॅकेटसारखा हात फिरवायची मजा अफाट होती, पण खेळाडू आपला आपणच पळायचा. घरातली म्हातारी माणसंही त्यामुळे खेळली हे चांगलंच, तरी कोर्ट कुठे मोकळं सोडलं याची काळजी उरतच नाही. बाबूच्या पंथाचा नवा गेम, टॉपस्पिन २के२५, तेरा वर्षांनी २०२४ मध्ये आला. त्यात टायमिंगची पट्टी दिसते, हिरव्या भागात बटण सोडायचं. मग डोळे बॉल सोडून पट्टीवरच. चूक हवीच, पण ती उशिरा पोचल्यामुळे झालेली हवी. पट्टी हुकली म्हणून गेलेला पॉइंट मला तरी टेनिसचा वाटत नाही.

मातीच्या कोर्टवर बॉल मंद होतो आणि उंच उसळतो, गवतावर खाली राहून सटकतो, हे चांगल्या गेममध्ये जाणवतं. पक्याला मातीच आवडते, तांबडी दिसते म्हणून.

मोबाइलवरच्या टेनिस क्लॅशचा विषय निघाला, पण टिकला नाही. बोटाने फटका मारायला झकास, पण कार्डं जमवून रॅकेटची ताकद वाढवणाऱ्यापुढे तुमचं बोट काय करणार? यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शेवटी ठरलं की रविवारी बाबूकडे, लाइट असली तर, दोन्ही गेम खेळायचे. अंपायर मास्तर. पक्याने फक्त एक अट घातली: टॉप स्पिन ४ चा आधी अर्धा तास सराव.

"सराव कित्याक?" बाबू म्हणाला. "माका तुजे बॉल आऊट गेलेले बघूचे आसत."