नाताळातले दान आणि फडावरच्या कोप्या

आमच्या शिरपूरच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या महिन्यात एक वाद पेटला आणि त्यात मला साक्षीला ओढण्यात आले, म्हणून हा लेखप्रपंच. माझा भाचा आणि त्याचे मित्र गेली काही वर्षे दिवाळीत सातपुड्यातल्या धडगावकडील एखाद्या आदिवासी पाड्यावर फराळ आणि कपडे घेऊन जातात. यंदा त्याने दिवाळीऐवजी २५ डिसेंबरला ब्लँकेटे वाटण्याचे सुचवले, कारण खरी थंडी तेव्हा असते आणि सर्वांना सुट्टीही असते. त्यावर एका काकांनी आक्षेप घेतला की नाताळ आपला सण नाही आणि त्या दिवशी पाड्यावर काही वाटले तर लोक आपल्याला मिशनरी समजतील. दुसऱ्या एकांचे म्हणणे असे की दिवस कोणताही असो, म्हातारीच्या हातात ब्लँकेट देतानाचे फोटो आता बंद करा. तर भाचा म्हणतो, फोटो नसतील तर देणगीदार हिशेब मागतील. अखेर कोणीतरी लिहिले, "आक्का, तुम्ही इंग्लंडात राहता, तिकडचे लोक नाताळात गाजावाजा न करता कसे देतात ते यांना सांगा."

सांगते, पण ज्या बाजूने मला साक्ष द्यायला बोलावले आहे, त्या बाजूला ती फारशी उपयोगी पडेल असे वाटत नाही.

आम्ही लीड्सला आलो ते २०१३ साली, आणि त्याच ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याचे कंत्राट संपले. आमच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई होती आणि शिल्लक घरभाड्यातच जात होती. मुलीच्या शाळेतील एका बाईंच्या ते लक्षात आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन फूड बँकेची चिठ्ठी दिली. येथील बहुतेक फूड बँकांत अशी चिठ्ठी लागते. ती शाळा, डॉक्टर किंवा सल्ला केंद्र देते आणि ती दाखवल्यावर साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. टेबलापलीकडच्या आजीबाईंनी मला तीनच प्रश्न विचारले: घरात माणसे किती, काय खात नाही, आणि शेगडी चालू आहे का, कारण ज्यांच्याकडे फक्त किटली आहे त्यांचा शिधा वेगळा भरावा लागतो. नाताळ म्हणून पिशवीत घातलेले पुडिंग त्यांनी वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचून परत काढले, कारण त्यात गाईची चरबी होती, आणि त्याऐवजी काबुली चण्यांचे दोन डबे घातले. फोटो कोणी काढला नाही, नाव कोणी जाहीर केले नाही. तरीही ती चिठ्ठी मुठीत धरून रांगेत उभे राहिल्याची लाज मला आजही आठवते. म्हणून कॅमेरा नसला की घेणाऱ्याचा मान राहतो, हे मला मान्य करता येत नाही. त्या दिवशी माझा मान थोडाफार राखला गेला असेल, तर तो "काय खात नाही?" या प्रश्नाने.

इंग्लंडच्या मूक दानाचे कौतुक करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक सॉल्झबरीत २००० साली निघाली. तिच्या जाळ्यातून २०२३-२४ या एका वर्षात ३१ लाखांहून अधिक वेळा शिध्याची पाकिटे द्यावी लागली. ज्या देशाला आम्ही श्रीमंत म्हणतो त्याची ही गत असल्यामुळे ती संस्थाच आता सांगते की फूड बँकांची गरज संपावी हे आमचे ध्येय आहे. डिसेंबरात प्रत्येक सुपरमार्केटच्या दाराशी देणगीचा पिंप भरून वाहतो आणि फेब्रुवारीत त्याचा तळ दिसतो, हे मी पाहते. आमच्या घरीही आता खोका ठेवण्याची पद्धत आहे: रोज एक वस्तू त्यात टाकायची आणि शेवटी तो पोहोचवायचा. पहिल्या वर्षी आम्ही १ डिसेंबरला सुरुवात करून २४ तारखेला खोका नेला, तेव्हा कळले की तो आता जानेवारीतच वाटला जाणार. नाताळसाठी द्यायचे तर नोव्हेंबरातच सुरू करावे लागते. मुलांना हे सारे सणाचाच भाग वाटते, जसे मला लहानपणी आखाजीचे, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचे, वाटत असे.

आखाजीची आठवण उगाच निघाली नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवसाला येथे बॉक्सिंग डे म्हणतात, आणि त्या नावामागे नोकरांना व कारागिरांना वर्षाकाठी दिल्या जाणाऱ्या पेटीची जुनी चाल असल्याचे सांगतात. आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे धरले जाते. माझी आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणत असू, त्या दिवशी घागर भरून झाली की सालदाराच्या घरी सांजोऱ्या आणि डांगर पाठवी. खळ्यावर दादर ज्वारीची रास पडली की घरात पोते येण्याआधी बलुत्याचे माप निघे. "देवानं शे ते दी टाक," एवढेच ती म्हणे, म्हणजे द्यायचे ते देऊन टाक. त्यात उपकाराचा सूर नसे, कारण तो घेणाऱ्याचा वाटा होता. मात्र हे आठवून गहिवरणाऱ्यांनी हेही आठवावे की काहींचा वाटा सुपातून, अंतर राखून टाकला जाई आणि त्यांना पाणी वरून ओतले जाई. हक्क होता, पण तो जातीला चिकटलेला होता. मोठी माय देत असे तेव्हा ती विचारत नसे. काय द्यायचे ते रूढीने आधीच ठरलेले असे.

आता काकांचा मुद्दा. नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे काही पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यासाठी नाताळ हा घरचाच सण आहे, आणि चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात उपचार घेताना कोणी आपला धर्म विचारात घेतल्याचे मी ऐकलेले नाही. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे मला चुकीचे वाटते, मग मागणारा कोणीही असो. परंतु तो नियम लावायचा तर आपल्या फराळाच्या डब्यावर चिकटवलेल्या पुढाऱ्याच्या छबीलाही लावावा लागेल. शिवाय सातपुड्यातल्या पाड्यांचा मोठा सण होळी आहे. आपण त्यांच्या दारी आपली दिवाळी नेतो, तेव्हा आपणही आपला सण नेत असतोच.

भाच्याच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांचा जमाखर्च नियामकाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तुझ्या फोटोत एक ब्लँकेट दिसते, बाबा. दोनशे ब्लँकेटे कितीला घेतली ते दिसत नाही. पावत्या गटावर टाक, म्हातारीला सोड.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो या वादात कोणीच विचारला नाही: २५ डिसेंबरला पाड्यावर असते कोण? दिवाळीच्या मागेपुढे धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत व राज्याच्या इतर भागांत निघून जातात आणि होळीच्या सुमारास परततात. पारा दहा अंशांखाली जातो तेव्हा ती माणसे कुठल्यातरी उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, लेकरांना पोटाशी धरून झोपलेली असतात, आणि आपण गावी उरलेल्या म्हाताऱ्यांना दरवर्षी एक ब्लँकेट देऊन येतो. तेव्हा दिवस दिवाळीचा की नाताळचा हे ठरवण्याआधी ऊसतोडीच्या मुकादमाला फोन करून त्याची मजुरांची टोळी कुठे उतरली आहे आणि तिला काय हवे आहे, हे विचारावे, असे मी भाच्याला लिहिले. पैसे मी पाठवीन म्हटले. त्यातही गंमत अशी की माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असल्याने माझ्या बचतीतून भारतातल्या संस्थेला दिलेली देणगी कायद्याने देशी ठरते आणि नवऱ्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याने त्याची विदेशी, जरी स्वयंपाकघरातला डबा एकच असला.

भाच्याने फोन केला. टोळीचे म्हणणे आले की ब्लँकेटे गेल्या वर्षी कोणीतरी दिली आहेत. कोप्यांवर टाकायला जाड ताडपत्री मिळाली तर बरे, आणि मुलांना बंद बूट, कारण उसाची खुटे पायात शिरतात. फोटोचा निकाल अजून लागलेला नाही. नाताळला विरोध करणाऱ्या काकांनी मात्र धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून ताडपत्रीचा घाऊक भाव काढून काल रात्री गटावर टाकला आहे आणि बुटांची मापे मागितली आहेत.