तीन मिनिटांचा पाव तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रेडिओच्या श्रोत्यांच्या मोजणीवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. नील्सन या श्रोते मोजणाऱ्या कंपनीने जानेवारी 2025पासून अमेरिकेतल्या मीटरच्या (अंगावर राहून ऐकणं टिपणाऱ्या यंत्राच्या) शहरांत पाचऐवजी तीनच मिनिटं ऐकणाऱ्यालाही पाव तासाचा श्रोता धरायला सुरुवात केली, ही निव्वळ आकडे फुगवण्याची सोय आहे. आपण काय ऐकलं ते लोक स्वतः भरत ती वही यापेक्षा प्रामाणिक होती. आणि स्ट्रीमिंगचे लॉग (इंटरनेटवरून ऐकण्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) हाताशी असताना पॅनेल (मोजणीसाठी निवडलेली नमुन्याची माणसं) हवंच कशाला?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. मूळ लेखात मी 'श्रोते वाढले' असं लिहिलं, ते चुकलं. वाढली ती नोंद. पण 'जुना आकडा खरा, नवा फुगवलेला' हे मात्र पटत नाही.

हिशेब घड्याळाच्या पाव तासांत चालतो : 8:00 ते 8:15, 8:15 ते 8:30. समजा एका बाईंनी गाडीत 8:12ला स्टेशन लावलं आणि 8:19ला गाडी पार्क करून बंद केलं. एकूण सात मिनिटं. पहिल्या पाव तासात तीन, दुसऱ्यात चार. जुन्या नियमाने दोन्ही तुकडे पाचाच्या आत, म्हणून जमा शून्य. नव्या नियमाने दोन्ही पाव तास जमा, म्हणजे खात्यात तीस मिनिटं. आता त्याच बाई 8:15 ते 8:20 ऐकत्या, तर पाचच मिनिटांचे जुन्या नियमानेही पंधरा मिळाले असते. म्हणजे फुगवटा आधीपासूनच होता. फक्त कोणाच्या वाट्याला जायचा ते बदललं. पाचाचा आकडा वहीच्या जमान्यातला. मिनिटामिनिटाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राला तो चिकटून राहिला, इतकंच.

यात फायदा कोणाचा? गाडीत सारखी बटणं बदलणारे ज्यांच्याकडे डोकावून जातात, अशा गाण्यांच्या आणि ट्रॅफिक-बातम्यांच्या स्टेशनांचा जास्त. तासतासभर चालणाऱ्या चर्चेच्या स्टेशनचा कमी, कारण त्यांचा श्रोता पाच मिनिटं सहज ओलांडतोच. आणि एक गंमत. पूर्वी 8:15ला आलेला श्रोता निदान 8:20पर्यंत धरून ठेवावा लागे, मग जाहिराती. आता 8:18लाच जाहिराती लावल्या तरी तो पाव तास पदरात पडलेला असतो. नियम मोजणीचा, पण त्याप्रमाणे कार्यक्रमच बदलतो.

पैशाचं पाहा. स्पॉटचा, म्हणजे एका जाहिरातीचा, दर 400 डॉलर आणि रेटिंग (लोकसंख्येतले किती टक्के ऐकतात) 1.0 असेल तर एका पॉइंटला, म्हणजे एका टक्क्याला, 400 डॉलर पडतात. केवळ नियम बदलून रेटिंग 1.2 झालं, तर तोच पॉइंट 333 डॉलरला पडतो. स्टेशनने पॉइंटचा दर 400वरच धरला, तर स्पॉट 480चा होतो, आणि ऐकणारा माणूस एकही वाढलेला नसतो. तुमचा संताप इथे रास्त आहे. म्हणून बुकिंग करणाऱ्याने या वळणावर रेटिंगपेक्षा शेअर (रेडिओ ऐकणाऱ्यांतला त्या स्टेशनचा वाटा) पाहावा. सगळ्यांचीच नोंद वाढली, तर शेअर जवळपास जागच्या जागी राहतो. कोणाचा सरकला तर त्याचं कारण शोधता येतं.

आता वही. अमेरिकेतल्या छोट्या शहरांत ती अजून चालते. गुरुवार ते बुधवार, सात दिवसांची. लोक ती त्या क्षणी भरत नाहीत, रात्री किंवा आठवड्याच्या शेवटी आठवून भरतात. '8 ते 9' असा सरसकट आकडा पडतो. आवडत्या स्टेशनचं नाव आठवतं, दुकानात कानावर पडलेलं आठवत नाही. 2007मध्ये फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून मीटर आले तेव्हा हेच उघडं पडलं : प्रत्येक स्टेशन ऐकणारी माणसं वहीत दिसत त्यापेक्षा जास्त निघाली, पण प्रत्येकाचा ऐकण्याचा वेळ कमी. याला अप्रामाणिकपणा म्हणता येत नाही. स्मरणशक्तीच तशी असते.

मीटरही काही धुतल्या तांदळासारखा नाही. स्टेशनवरचा एन्कोडर आवाजात कानाला न कळणारे संकेत मिसळतो, साधारण 1 ते 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि पॅनेलमधल्या माणसाच्या अंगावरचा मीटर ते टिपतो. संकेत लपवायला वर पुरेसा आवाज लागतो. दणदणीत गाण्यात ते मजेत लपतात; शांत बोलण्यात, दोन वाक्यांमधल्या विरामात लपायला जागाच नसते, त्यामुळे ते क्षीण पडतात. 2014मध्ये व्होल्टेअर नावाचं, संकेतांना जोर देणारं यंत्र बाजारात आलं आणि स्टेशनांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी नील्सनला आपलं एन्कोडिंग सुधारावं लागलं. शिवाय मीटर उशाशी राहिला की ऐकणं शून्य, आणि एन्कोडर बंद पडला की अख्खं स्टेशनच पॅनेलला 'ऐकू' येत नाही. म्हणून शहाणे इंजिनिअर जोडीला दुसरा एन्कोडर आणि संकेत तपासणारा मॉनिटर ठेवतात.

लॉगबद्दल थोडक्यात. लॉग जोडणी मोजतो, माणूस नाही. सलूनमधला एक स्पीकर दहा गिऱ्हाइकं ऐकतात, लॉगमध्ये एक. फोन खिशात वाजत राहिला आणि माणूस झोपला, तरी लॉग चालूच. वय, स्त्री की पुरुष, काहीच कळत नाही. आणि एफएमच्या अँटेनाकडून स्टेशनकडे उलट काहीच जात नाही, तिथे लॉग आणणार कुठून?

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर 2007मध्ये टॅम या मोजणी करणाऱ्या कंपनीने मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूत रॅम हे रेडिओच्या श्रोत्यांचं मोजमाप सुरू केलं (कोलकाता पुढे जोडलं गेलं), तेही वहीवरच. लोकलमध्ये इअरफोन लावून एफएम ऐकणाऱ्याचा आवाज मीटरच्या मायक्रोफोनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे वहीची बाजू मी थोडी उचलून धरेन. पण नमुना किती, हे आधी विचारा. 500 माणसांत रेटिंग 2 टक्के आलं, तर खरा आकडा साधारण 0.8 ते 3.2 यांत कुठेही असू शकतो. अशा वेळी 'आम्ही 0.3ने पुढे' या होर्डिंगला काही अर्थ नसतो.

तुम्ही जोडलेल्या आलेखात डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 एकाच सलग रेघेवर आहेत. ती रेघ तिथे तोडा आणि जानेवारीपासून नवी सुरू करा. वहीच्या शहरांचे आकडे त्याच तक्त्यात घेतलेत तेही वेगळे काढा. तिथे अजून पाचच मिनिटं चालतात.