केक, काठी आणि नियम क्रमांक 20

आजोबा (प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘घोडबंदर रोडचा एक आजोबा’ अशी सही केलीत, म्हणून हेच म्हणतो),

श्वानमेळाव्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “इकडे कुत्र्यांचे केक कापताय, तिकडे मी नातवाला खाली नेताना हातात काठी धरतो. कायदे सगळे कुत्र्यांच्याच बाजूचे. उचला आणि येऊरच्या जंगलात सोडून या.”

केकचं म्हणाल तर मीही तुमच्याच बाजूचा. भर उन्हात तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर कुत्र्याला फ्रॉक घालून चालवायचं, यात त्या जनावराचं काय भलं होतं देव जाणे. पण त्याच मेळाव्यात कोपऱ्यात एक टेबल होतं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये रेबीजच्या लशी, आणि गेटवरच्या काळ्याला दोन्ही गुडघ्यांत धरून बसलेला वॉचमन. काळ्याच्या तोंडाला बँडेजची पट्टी, तरी सुई टोचेपर्यंत शेपूट चालूच! त्या टेबलाचे फोटो कुणी काढत नाही. तुमच्या नातवाचा संबंध मात्र त्याच टेबलाशी आहे, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

येऊरचं म्हणाल, तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रं त्यांचं नेहमीचं खाणं. म्हणजे काठी घेऊन उभं राहायचं ते पाड्यांवरच्या आजोबांनी? शिवाय उघडा कचरा आहे तोवर तुमच्या गल्लीतली रिकामी जागा दुसरी कुत्री धरणार, आणि ती ना नसबंदी झालेली ना लस टोचलेली. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी-लसीकरण करून कुत्रं उचललं तिथेच सोडायला सांगितलंय, ते याच हिशोबाने. कानाला ‘व्ही’सारखी खाच दिसली की समजायचं, याची नसबंदी झालीय.

आता ‘सगळे कायदे कुत्र्यांच्या बाजूचे’. 1960च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला बेदम मारल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळं. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025च्या आदेशात रेबीजबाधित, संशयित आणि आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत असं सांगितलं. रस्त्यावर कुठेही खाऊ घालायलाही मनाई केली. 7 नोव्हेंबरला तर शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतून उचललेली कुत्री पुन्हा तिथे आणायची नाहीत असा आदेश झाला. यात कुत्र्यांची बाजू कुठे घेतली, सांगा!

राहिला तुमच्या जिन्यासमोर सांडणारा दूधभात. तुमची ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. 2023च्या त्याच नियमांतल्या नियम 20 प्रमाणे खाऊ घालायची जागा जिना, ये-जा करायचं दार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून लांब हवी. वेळही मुलं-म्हातारे कमी फिरतात अशी ठरवायची. सोसायटीत एकमत होत नसेल तर समिती बसते. तिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी असतात, पोलीस असतात आणि तक्रारदारही असतो, म्हणजे तुम्ही. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय लावून घ्या. सचिव म्हणाले “असं काही नसतं”, तर नियमाचा आकडा सांगा.