फुकटचं एसएसएल मोबाईलवर चालत नाही, हे कुठून आलं?

जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट सगळ्या ब्राउझरला मान्य नाही, जुन्या फोनवर साइट उघडत नाही, वर्षभराचं विकतचं घ्या.’ एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइट त्याच पत्त्याची आहे हे ब्राउझरला पटवणारा सही केलेला दाखला; लेट्स एन्क्रिप्ट ही तो फुकट देणारी संस्था.

‘मान्य नाही’ हे साफ चूक. ब्राउझर किंमत बघत नाही, सही कोणाची ते बघतो. लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट (‘रूट’, ज्यावरून सही ओळखली जाते), आयएसआरजी रूट एक्स१, आयओएस १० आणि अँड्रॉइड ७.१.१ पासून फोनमध्येच असतं. विंडोज आणि फायरफॉक्सही ते मानतात.

‘जुन्या फोनवर’ यात मात्र तथ्य आहे. ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड दुसऱ्या संस्थेने लेट्स एन्क्रिप्टच्या रूटवर केलेल्या जोडसहीवर चालत होते. तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. अशा फोनवर फायरफॉक्सची चालेल ती शेवटची आवृत्ती टाकली तर काम होतं, कारण त्याची मूळ सर्टिफिकेटांची यादी स्वतःची असते. रावेर-यावलकडचं तुमचं बरंचसं गिऱ्हाईक खरंच इतक्या जुन्या फोनवर असेल, तर त्या फोनमध्ये आधीच असलेल्या जुन्या रूटचं विकतचं घ्या. एरवी नको.

‘पण आमच्या साइटवर एरर आलाच!’ मग आधी त्यातले शब्द वाचा. ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर बहुतेक वेळा मधली कडी (तुमचं सर्टिफिकेट रूटशी जोडणारं सर्टिफिकेट) राहिलेली असते: एनजिनएक्स या साइट चालवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्राममध्ये कडीसकटच्या ‘फुलचेन डॉट पेम’ऐवजी नुसत्या सर्टिफिकेटची ‘सर्ट डॉट पेम’ फाइल लावलेली. कॉम्प्युटरवरचा क्रोम ती कडी स्वतः आणून घेतो, म्हणून दुकानात साइट नीट दिसते. अँड्रॉइडची ॲप ती आणत नाहीत, आणि दोष फुकटपणावर जातो. ही फाइल चुकली तर विकतचंही असंच अडतं. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर नूतनीकरण अडलंय, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनची तारीख चुकलीय. सर्टबॉट हा लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम ९० दिवसांचं सर्टिफिकेट ३० दिवस उरले की बदलतो, पण फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बंद असेल तर साइट तुमचीच आहे याची नेहमीची पडताळणी होत नाही. कधी नवी फाइल येते, पण एनजिनएक्स रीलोड न झाल्याने जुनीच चालू राहते. ‘सर्टबॉट रिन्यू’ या आज्ञेला ‘ड्राय-रन’ (नुसती चाचणी) जोडून एकदा चालवा, पडताळणीतला अडथळा लगेच दिसतो. रीलोडची आज्ञा ‘डिप्लॉय-हुक’मध्ये घाला, म्हणजे नवी फाइल आली की ती आपोआप चालते.

‘वर्षभराचं’ म्हणाल, तर १५ मार्च २०२६ पासून नव्या विकतच्या सर्टिफिकेटचीही मुदत जास्तीत जास्त २०० दिवस आहे. २०२९ च्या मार्चपासून ४७. पैसे वर्षाचे भरले तरी फाइल मधेच बदलावी लागणारच.