परवडणाऱ्या घरांनी गाव बिघडतं? हा प्रयोग न्यू जर्सीतच होऊन गेलाय

गेले काही आठवडे आमच्या मध्य न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात असा: "सरकारने आपल्या टाउनशिपवर दाट वस्तीची अफोर्डेबल घरं लादली आहेत. टाउनशिप विरोध करते आहे, तिला साथ द्या. ही घरं आली की गुन्हे वाढतील, आपल्या घरांच्या किमती पडतील, शाळा तुडुंब भरतील, टॅक्स वाढेल, ट्रॅफिक वाढेल. शिवाय आता जमीनच उरलेली नाही. खाली सही करा." (टाउनशिप म्हणजे इथलं गावपातळीवरचं स्थानिक सरकार.) मला तो मजकूर चार जणांनी पाठवला आणि चौघंही जवळची माणसं आहेत. त्यांनी घाबरून सही करू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"गुन्हे वाढतील, किमती पडतील." हे भाकीत नवं नाही आणि ते तपासूनही झालं आहे. फिलाडेल्फियाच्या पूर्वेला, आपल्याकडून टर्नपाइक या टोल रस्त्याने तासाभरावर, माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे स्प्रिंगव्हिल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती. त्यांतली काही कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांची घरं करून राहत होती. गाव वाढू लागलं, जमिनी महागल्या आणि अशी घरं राहण्यायोग्य नाहीत म्हणून पाडली जाऊ लागली. एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ३६ अपार्टमेंटचा छोटा प्रस्ताव मांडला. १९७० मध्ये मेयर चर्चमध्ये येऊन उत्तर देऊन गेले: परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. १९७१ मध्ये गावाविरुद्ध खटला दाखल झाला.

तो खटला जिंकूनही घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच गेल्या. आज त्यांच्याच नावाच्या वसाहतीत १४० घरं आहेत. १९९७ मध्ये प्लॅनिंग बोर्डासमोर सुनावण्या झाल्या तेव्हा लोकांनी हेच सगळं मांडलं होतं: गुन्हे, किमती, टॅक्स. मग प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलची आसपासच्या तशाच गावांशी तुलना केली. वसाहतीच्या आधीची आणि नंतरची वर्षं पाहिली. २०१३ मध्ये ते काम छापून आलं. गुन्हे, घरांच्या किमती, टॅक्स, तिन्हींचा कल शेजारच्या गावांसारखाच निघाला. वसाहतीमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. मला सर्वांत बोलकी वाटते ती आणखी एक गोष्ट. लगतच्या वस्त्यांतल्या रहिवाशांना विचारलं, तेव्हा जवळपास एक तृतीयांश लोकांना शेजारी अशी वसाहत आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्या घरांमुळे गाव बुडणार होतं, ती शेजाऱ्यांच्या लक्षातही आली नाहीत.

"कोर्टाने आणि सरकारने लादलं, गावाच्या हक्कावर घाला." झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवण्याचा, अधिकार गावाला राज्याकडून मिळतो, तो गावाच्या मालकीचा नाही. माउंट लॉरेलच्या याच खटल्यात १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढंच म्हटलं की हा अधिकार सगळ्या परिसराच्या हितासाठी वापरायला हवा, कमी उत्पन्नाच्या माणसांना वेशीबाहेर ठेवण्यासाठी नाही. त्या निकालात एक आकडा आहे. माउंट लॉरेलने तब्बल २९ टक्के जमीन उद्योगांसाठी राखली होती आणि प्रत्यक्ष वापरात होती जेमतेम शंभर एकर. म्हणजे टॅक्स भरणारे कारखाने हवेत, त्यांत राबणारी माणसं नकोत.

गावं ऐकेनात, म्हणून १९८३ मध्ये दुसरा निकाल आला आणि बिल्डरला थेट कोर्टात जाऊन दाट बांधकामाची परवानगी मिळवता येऊ लागली. आत्ताचा कायदा मार्च २०२४ मधला आहे. त्याने २०२५ ते २०३५ साठी परवडणाऱ्या घरांतला प्रत्येक गावाचा वाटा ठरतो. पण घरं कुठे, किती मजली, भाड्याची की विकायची, हे गावानेच आराखड्यात मांडायचं आहे. ३० जून २०२५ ही त्याची मुदत होती. आराखडा मंजूर असला तर बिल्डरच्या दाव्यांपासून गावाला संरक्षण मिळतं. नुसता विरोध करत बसलेलं गाव तेच संरक्षण घालवून बसतं, आणि मग जागा बिल्डर निवडतो. मॉन्टव्हेल गावाच्या पुढाकाराने दोन डझनांहून अधिक गावं या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली. कायदा थांबवायला न्यायाधीशांनी जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला. अशा खटल्यांतल्या वकिलांची फी आपल्याच टॅक्समधून जाते, हे मजकुरात कुठेच नाही.

"जमीन उरलेली नाही." खरंच उरली नसेल तर गाव तसं दाखवून आपला आकडा कमी करून घेऊ शकतं. ती सोय नियमांत आहे. शिवाय आकडा ठरवताना मोकळी जमीन, गावाचं उत्पन्न आणि गेल्या काळात वाढलेली व्यापारी मालमत्ता या तिन्हींचा विचार होतो. आपण गोदामं आणि ऑफिसं आनंदाने घेतली, त्यांचा टॅक्स घेतला, त्याचाच हा वाटा आहे. म्हणूनच ट्रॅफिकची ओरडही मला पटत नाही. गोदामाच्या ट्रकविरुद्ध एवढ्या सह्या गोळा झालेल्या मला आठवत नाहीत.

"शाळा भरतील, टॅक्स वाढेल." या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून अधिक भाग शाळांना जातो. पण नव्या मोठ्या प्रकल्पांशी टाउनशिप अनेकदा "पायलट" करार करते. म्हणजे बिल्डरने इमारतीवर नेहमीच्या टॅक्सऐवजी वर्षाला ठरलेली रक्कम भरायची, कधी कधी तीस वर्षांपर्यंत. त्या रकमेतले ९५ टक्के टाउनशिपला आणि ५ टक्के काउंटीला (जिल्ह्याला) जातात. शाळांना त्यातून काही देण्याची कायद्याने सक्ती नाही. मुलं शाळेत येतात आणि पैसे टाउन हॉलमध्ये थांबतात. याचा राग येणं रास्त आहे, मलाही येतो. पण हा करार टाउनशिपच करते, ठराव मांडून, मतदान घेऊन. असे करार गोदामांशीही होतात. त्याचा दोष दोन खोल्यांच्या भाडेकरूला कसा लावायचा?

मुलांच्या संख्येचं म्हणाल, तर अपार्टमेंटमध्ये दर घरामागे शाळेत जाणारी मुलं चार बेडरूमच्या स्वतंत्र घरांपेक्षा कमी असतात. आपल्या शाळा ज्या मुलांनी भरल्या ती बहुतेक आपली आहेत. चांगल्या शाळेसाठीच आपण इथे घर घेतलं. माउंट लॉरेलने १९७० च्या सुमारास काही बिल्डरांना अट घातली होती: अपार्टमेंटमागे शाळकरी मुलांचं प्रमाण ०.३ च्या वर गेलं, तर वरच्या मुलांचा खर्च तुम्ही भरायचा. मूल म्हणजे तोटा, असा तो हिशोब. शाळा हेच आयुष्यात वर येण्याचं साधन मानणाऱ्या आपल्या माणसांनी तो हिशोब पुढे पाठवावा, याचं मला फार वाईट वाटतं.

"फुकट घरं वाटणार." हे मूळ मजकुरात नव्हतं, त्याखालच्या उत्तरांत आलं. फुकट काही नाही. भाडं किंवा हप्ता भरावाच लागतो, उत्पन्नाचे कागद तपासले जातात. परिसरातल्या मधल्या उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याहून कमी कमावतात, त्या रकमेच्या) ८० टक्क्यांपर्यंत कमावणारं कुटुंब अर्ज करू शकतं आणि वेटिंग लिस्ट लांब असते. त्या यादीत स्कूल बस चालवणारे, नर्सिंग होममध्ये आपल्या आईवडिलांना उठवून बसवणारे, फार्मसीच्या काउंटरवर उभे असणारे लोक असतात. त्यांत आपली माणसंही आहेत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलांसह एका पगारावर राहणारी मराठी बाई मला माहीत आहे. मुलांची शाळा सुटू नये म्हणून ती याच गावात भाड्याने राहते, आणि दरवर्षी भाडं वाढल्याची नोटीस आली की मला फोन करते.

आम्ही १९९९ मध्ये आलो ते प्लेन्सबरो गावातल्या अपार्टमेंटमध्ये. एकाला लागून एक शेकडो घरं, एकाच लाँड्रीरूममध्ये सगळ्यांचे कपडे. तीही दाट वस्तीच होती. ती तिथे नसती तर एका पगारात आमचं इथलं पहिलं वर्ष निभावलं नसतं.

टाउनशिप कमिटीची पुढची सभा उघडी आहे आणि दर माणसाला बोलायला काही मिनिटं मिळतात. मी जाणार आहे, आणि दोन गोष्टी विचारणार आहे: नव्या प्रकल्पांच्या पायलट करारात शाळांचा वाटा लिहून घेणार का, आणि कोर्टकचेरीवर आजवर किती खर्च केला. ज्यांनी मला तो मजकूर पाठवला त्या चौघांनाही मी फोन केला आहे. दोघं यायला तयार आहेत.