पाचवीचा प्रवेश

चौथीची परीक्षा मुलगी देते आणि पाचवीची तिचे आईबाप देतात. आमच्या कन्येची प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे संक्रांत सरताच ‘आता पुढे कुठे?’ हा प्रश्न घरात उपस्थित झाला आणि साताऱ्यात ज्याला ज्याला आमचे घर ठाऊक होते, त्या प्रत्येकाने त्याचे उत्तर घरपोच आणून दिले. मुलींच्याच शाळेत घालायचे, यावर मात्र आमचे एकमत होते. कारणे तेवढी वेगवेगळी होती. माझ्या आईला तिथे वळण लागते असे वाटत होते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, तिथे वर्गप्रमुखापासून स्नेहसंमेलनातल्या शिवाजी महाराजांपर्यंत सगळी पदे मुलींनाच सांभाळावी लागतात. मला घरातल्या एकमताविरुद्ध जाण्याचा अनुभव नव्हता.

जिला शाळेत जायचे होते, तिचा प्रश्न एकच होता : “तिथे ग्राउंड आहे का?” कन्या खो-खो खेळते, म्हणजे खेळू इच्छिते. तिच्या शाळेत मधल्या सुट्टीत मैदानभर मुलांचे क्रिकेट चालते आणि मुली पायऱ्यांवर बसून डबे खातात. चेंडू पायाशी आला तर तो परत फेकणे, एवढाच त्यांचा क्रीडाक्षेत्रातील सहभाग. हा प्रश्न आम्ही यादीत सर्वांत खाली लिहून घेतला. वरच्या जागा बोर्ड, सेमी इंग्रजी, व्हॅनचे भाडे आणि दहावीचा निकाल यांनी आधीच अडवल्या होत्या.

आमचा जिल्हा सावित्रीबाईंचा. १८३१ साली त्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मल्या आणि १८४८ साली पुण्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. साहजिकच आम्ही पाहिलेल्या प्रत्येक शाळेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर सावित्रीबाई होत्या आणि शेवटच्या पानावर शुल्काचा तक्ता. मधल्या पानांवर स्वच्छ गणवेशातल्या मुली सूक्ष्मदर्शकात डोकावत होत्या. सगळ्या पुस्तिकांमध्ये मुली निराळ्या असल्या, तरी सूक्ष्मदर्शक एकच असावा असा मला दाट संशय आहे.

महामार्गालगतच्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत समन्वयक बाईंनी आम्हाला सर्वप्रथम भिंत दाखवली. भिंतीची उंची, त्यावरची काटेरी तार, तारेवरचे कॅमेरे, कॅमेऱ्यांकडे पाहणारा पहारेकरी आणि पहारेकऱ्याकडे पाहणारा आणखी एक कॅमेरा, असा तो क्रम होता. बसला जीपीएस होते. पालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय मुलगी बाहेर सोडली जात नाही, हे ऐकून आई प्रसन्न झाली. “आणि ग्राउंड?” कन्येने विचारले. आम्हाला लिफ्टने गच्चीवर नेण्यात आले. तिथे हिरवे प्लास्टिकचे गवत अंथरलेले होते, त्याला ‘स्पोर्ट्स झोन’ म्हणत आणि त्यावर बूट काढून यावे लागे. कठड्याला मोठा फ्लेक्स होता : २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आणि २०२३ साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी. त्या गच्चीवर ललिताला चौथ्या पावलालाच वळावे लागले असते आणि अदितीचा बाण थेट महामार्गावर गेला असता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला कुंपणही सांगितले आहे आणि मैदानही; त्यातले जे विटांनी बांधता येते आणि जागा खात नाही, तेवढे संस्थाचालकांनी मनापासून अमलात आणले आहे.

त्याच कायद्याचे तेरावे कलम असे की, प्रवेश देताना बालकाची किंवा पालकांची चाचणी घ्यायची नाही. घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. म्हणून कोणतीही शाळा मुलाखत घेत नाही. नुसत्या गप्पा मारते. गप्पांच्या खोलीत टेबलापलीकडे तीन माणसे कागद-पेन घेऊन बसलेली असतात आणि अलीकडे आपण इस्त्रीचा शर्ट घालून. “मुलीबरोबर आपण क्वालिटी टाइम कसा घालवता?” असे मला विचारण्यात आले. मी वाचन, निसर्गभ्रमण, यवतेश्वरचा घाट अशी जुळवाजुळव करीत असतानाच कन्येने खुलासा केला, “बाबा झोपतात. मी त्यांच्या मोबाइलवर खेळते.” तिघांनीही काहीतरी लिहून घेतले.

शुल्काच्या खिडकीशी मी थोडी विद्वत्ता दाखवून पाहिली. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि एकदा मान्य झालेले शुल्क दोन वर्षे वाढवता येत नाही, हे मी लेखापालांना नम्रपणे सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याहून नम्रपणे म्हणाले, “फी वाढत नाही साहेब. उपक्रम वाढतात.”

पाचगणीचाही विचार झाला, म्हणजे माझ्या मेहुण्याने केला. कराडला त्याचे दुकान आहे आणि वस्तूचा दर्जा किमतीवरून ठरतो, हा त्याचा व्यवसायसिद्ध सिद्धांत आहे. “दाजी, इंग्रजांच्या काळापासून लांबलांबची माणसं पोरी तिथं ठेवतात, आणि तुम्ही तासाभरावर राहून विचार करताय?” त्या निवासी शाळांचे वार्षिक शुल्क वाचून आई एवढेच म्हणाली की, मुलीला इतक्या थंडीत ठेवणे बरे नव्हे.

आता सौभाग्यवतींच्या तपासणीविषयी, कारण खरी तपासणी तीच. माझ्यासमोर पुस्तिकेची पाने उलटली जात असताना त्या “जरा वॉशरूम कुठे आहे?” असे विचारून अंतर्धान पावत आणि बऱ्याच वेळाने परतत. कडी आतून लागते का, नळाला पाणी शाळा सुटेपर्यंत असते का, ओढणी अडकवायला खिळा आहे का, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, एवढे सगळे त्या पाहत. गावातल्या एका नावाजलेल्या शाळेत काचेचे प्रवेशद्वार होते, डिजिटल फळे होते आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅडचे कपाटही होते. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, असे सौभाग्यवतींनी विचारले. किल्ली क्रीडाशिक्षक सरांकडे असते, असे उत्तर मिळाले. पुढचे डिजिटल फळे आम्ही पाहिले नाहीत.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या, अनुदानित कन्याशाळेत आम्ही गेलो, तेही पावसाळी छत्री दुरुस्तीला टाकण्याच्या कामात हे एक काम उरकावे म्हणून. इमारत पत्र्याची, संगणकांवर भरतकामाचे अभ्रे, पुस्तिका नाहीच. मुख्याध्यापिका बाईंनी आपण होऊन सांगितले की, नळाचे पाणी दुपारी एकनंतर जाते, मग टाकीचे वापरावे लागते आणि मागची भिंत पावसात पडली आहे. आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पाहता पाहता अख्खे मैदान मुलींनी भरले, कोणी लंगडी घालत होत्या, दोघी-तिघी खो-खोचा सैल झालेला खांब दगडाने ठोकत होत्या, एक चेंडू सणसणत माझ्या कानाजवळून गेला आणि “काका, चेंडू द्या!” अशी हाक आली. पायऱ्यांवर बसून डबा खाणारे तिथे फक्त शिपाईमामा होते. मुलींच्या शाळेत का घालावे, याला वळण, सुरक्षितता आणि निकाल अशी पुष्कळ उत्तरे मी तोवर ऐकली होती. मधल्या सुट्टीत मैदान कोणाचे असते, हे एकाही पुस्तिकेत छापलेले नव्हते. कन्या शेजारी नव्हतीच. ती खांब धरून उभी होती आणि ठोकणारीला “अजून डावीकडे” असे सांगत होती.

सौभाग्यवती परतल्या, “कडी लागते, खिळा आपण ठोकून देऊ,” म्हणाल्या आणि बाईंकडून अर्ज घेतला.

रात्री मेहुण्याचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न फीचाच विचारला. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ असते, बाकी किरकोळ काय ते भरले, असे सांगून मी आकडा सांगितला. तो महिन्याचा का, असे त्याने विचारले. वर्षाचा, असे मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “दाजी, ताई जवळपास नसेल तर मोकळेपणानं सांगा. धंद्यात काही अडचण आहे का? मी उद्या पैसे पाठवतो.”